माहेरी गेलेल्यांची यादी

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हटलं आणि कागद पुढ्यात घेऊन बसले. गमती आठवल्या नाहीत असं नाही. आमच्या एका कार्यकर्तीनं फोनमध्ये गरोदर बायकांच्या यादीत घरची गाभण म्हैस नोंदवली होती. तारीख जवळ आली की फोन आपोआप आठवण करून देतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पतीचं नाव भरल्याशिवाय फोन पुढे जाईना, तर बाईनं बिनदिक्कत स्वतःच्या नवऱ्याचं नाव घातलं. आम्ही ऑफिसात आठवडाभर हसत होतो. एवढं लिहून झालं आणि पुढे पेन चालेना, कारण त्या नोकरीचं नाव काढलं की मला आता हसू येत नाही, संताप येतो. मग तोच लिहिते. संपादकांना नको असला तर त्यांनी खुशाल परत पाठवावा.

मी उचगावची. घरची शेती. बी.कॉम. झाल्यावर बेळगावात एका सेवाभावी संस्थेत टायपिस्ट म्हणून चिकटले, तिथंच कॉम्प्युटर शिकले आणि तिथंच म्हातारी झाले. संस्थेचं काम निपाणी-चिकोडी भागातल्या गरोदर बायकांचं. विडी वळणाऱ्या, तंबाखूत राबणाऱ्या, रानात जाणाऱ्या. आमच्या कार्यकर्त्या घरोघरी जायच्या, वजन, रक्त, बीपी बघायच्या आणि फोनमध्ये भरायच्या. ते सगळं बेळगावला माझ्या कॉम्प्युटरवर यायचं. त्यातनं मी जे एक पान तयार करायची, त्याला डॅशबोर्ड म्हणतात. नाव मोठं, वस्तू साधी. शाळेच्या व्हरांड्यात फळा असतो बघा, पट किती, हजर किती, तसाच. आमच्या बाया त्याला फळाच म्हणायच्या. सकाळी फोन उघडला की आज कुणाच्या घरी जायचं आणि कशासाठी, हे फळ्यावर दिसायचं. ज्या बाईचं नाव दिसायचं तिच्या घरी कुणीतरी जायचं. जिचं दिसायचं नाही तिच्या घरी कुणी जायचं नाही. माझ्या धंद्यातली सगळी अक्कल एवढीच आहे आणि ती मला पुरती ठाऊक होती. तरी जे व्हायचं ते झालं.

फळा दिसायला भयंकर होता, हे मी कबूल करते. लाल, पिवळा, हिरवा, सगळे रंग डोळ्यांत खुपणारे. रकाने इतके की पान उजवीकडं सरकवत सरकवत बोट दुखायचं. पण त्यातला एकेक रकाना कुणाच्या तरी घरातनं आलेला होता. मी तो ऑफिसात बसून काढलेला नव्हता.

त्यातले निम्मे रकाने गंगाक्कांचे. गंगाक्का म्हणजे निपाणी भागातल्या आमच्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, शिक्षण सातवी, आवाज असा की गल्लीच्या तोंडाला बोलल्या तर शेवटच्या घरात कळावं. पहिल्या वर्षीच मला म्हणाल्या होत्या, "सुनंदा, तुझा फळा चांगला हाय, पर माहेराला गेलेली पोर त्यात कुठं दिसती गं?"

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला पाहिजे. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि माहेरच्या माणसांनी पोरीला घेऊन जायचं. निपाणीकडच्या निम्म्याअधिक सुनांचं माहेर हद्दीच्या पलीकडं, महाराष्ट्रात, कागल, गडहिंग्लज, आजरा भागात. अंतर म्हणाल तर एका एस.टी.चं. पण बाळंतपणाचं कार्ड कर्नाटकातलं. पलीकडच्या दवाखान्याच्या यादीत तिचं नाव असायचं काही कारणच नाही, ती त्यांच्या गावची सून नव्हे. आणि अलीकडची यादी म्हणते, बाई गावात नाही. म्हणजे सगळ्यात अवघड दोन महिने ती कुणाच्याच यादीत नसते. त्या दोन महिन्यांसाठी गंगाक्कांनी माझ्याकडनं पिवळ्या ओळी करून घेतल्या. माहेरी गेलेली म्हणजे पिवळी. तिच्यापुढे माहेरचं गाव आणि फोन नंबर.

नंबर कुणाचा घ्यायचा याचंही शास्त्र होतं. "नवऱ्याचा घिऊ नका, त्यो 'बरी हाय' म्हणून फोन ठेवतोय. सासूचा तर न्हाईच न्हाई. भावाचा घ्या. बहिणीचं म्हटल्यावर भाऊ घरात जाऊन तिच्या हातात फोन देतोय." म्हणून गंगाक्का ओटीभरणालाच जायच्या. माहेरची माणसं न्यायला आलेली असायची. जेवणं झाली की भावाला कोपऱ्यात गाठून नंबर वहीत उतरून घ्यायच्या. मग दर मंगळवारी फोन. मंगळवारी त्यांचा अंबाबाईचा उपास, त्या दिवशी उन्हात हिंडायच्या नाहीत, घोंगडं टाकून फोन करत बसायच्या.

फोनवर बीपी मोजता येत नाही. गंगाक्का तीन प्रश्न विचारायच्या. पायात चप्पल जाती काय? हातातली बांगडी सरकती काय? डोळ्यापुढं अंधारी येती काय? अंगावर सूज चढली, की सगळ्यात आधी चप्पल आणि बांगडी सांगते. 'बरं वाटतंय का' विचारलं तर आमच्या पोरी मरायला टेकल्या तरी 'बरं हाय' म्हणतात. बांगडी सरकते का म्हटलं की खोटं बोलायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही. मी फळ्यात तीन रकाने घातले: चप्पल, बांगडी, अंधारी. माझ्यासमोर एकदा गडहिंग्लजकडच्या एका पोरीला गंगाक्कांनी विचारलं आणि ती हसून म्हणाली, "बांगडी कुठली सरकती मावशी, रुतून बसलीया." गंगाक्कांनी भावाला फोनवर असं काही दमात घेतलं की त्यानं तासाभरात रिक्षा आणली. पोरीला कोल्हापूरला नेलं. आई आणि मूल दोन्ही सुखरूप. पोरगी पुढं बाळाला घेऊन ऑफिसात पेढे द्यायला आलती.

असा तो फळा. मग संस्थेला नवे संचालक आले.

ते बेंगळुरूचे. माणूस वाईट नव्हता, कामाचा उरक होता, आणि त्यांना मनापासून वाटायचं की संस्था बाहेर कुणाला दिसत नाही म्हणून मागं पडली. खरंही असेल. त्यांनी पहिल्यांदा संस्थेचं नाव बदललं. जुनं नाव चार शब्दांचं होतं, कार्यकर्त्या घरात शिरताना ते सांगायच्या आणि लोक ओळखायचे. नवं नाव इंग्रजी, एकाच शब्दाचं. गावातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं कसली तरी फायनान्स कंपनी आली. नवा लोगो आला, एक गोल आणि त्यातनं फुटलेली दोन पानं. खत कंपनीचा म्हणून सांगितला असता तरी खपला असता. आणि मग एक जाडजूड पुस्तक आलं. संस्थेचे रंग कुठले, अक्षरं कुठली, फोटोत बाई कुणीकडं बघत असावी, सगळं त्यात लिहिलेलं. रंग चार: मोरपंखी, सायीचा, वांगी आणि राखाडी. जे जे संस्थेचं म्हणून लोकांपुढं जाईल ते सगळं या चार रंगांत. पाटी, पावती, गाडी, पिशवी. आणि डॅशबोर्ड.

कार्यकर्त्यांच्या वह्यासुद्धा गेल्या. मुखपृष्ठावर जुनं नाव आणि जुना लोगो होता म्हणून. ऑफिसातनं गाडी गेली, गावोगावच्या वह्या गोळा केल्या, ज्यांत गंगाक्कांच्या हातचे भावांचे नंबर होते त्याही, आणि सगळ्या रद्दीत. आता सगळं फोनमध्ये आहेच, वही कशाला, असं साहेबांचं म्हणणं. मी त्या गाडीच्या ड्रायव्हरला चहा पाजून पाठवलं होतं. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

डॅशबोर्डचं काम करायला बेंगळुरूच्या कंपनीतनं ईशा नावाची मुलगी आली. मूळची पुण्याची, पंचविशीतली, मला 'मॅम' म्हणायची. तिच्यावर मी आता ओरडून उपयोग नाही. ती जे शिकली ते तिनं केलं.  फळा बघून म्हणाली, "मॅम, इथं किती गर्दी आहे हो! डोळ्यांना विश्रांतीच नाही."

मी म्हटलं, "डोळ्यांना विश्रांती घरी जाऊन द्यायची."

आमचं खरं भांडण लागलं लाल रंगावरनं. पुस्तकात लाल नव्हता. लाल रंगानं बघणाऱ्याच्या मनात भीती निर्माण होते, म्हणे. मी म्हटलं, भीतीच निर्माण व्हायला पाहिजे की! रक्त कमी असलेली, बीपी वाढलेली बाई काय मोरपंखी दाखवू? तीन बैठका झाल्या. मी साहेबांपुढं टेबलावर हात आपटला. सबंध ऑफिस काचेतनं बघत होतं. शेवटी तडजोड झाली: लाल नाही, पण जोखमीच्या बाईपुढं गडद वांगी ठिपका, आणि ते नाव सगळ्यांच्या वर. मी जिंकले. मला वाटलं, आपण असलो म्हणून निभावलं. कॉलर ताठ करून खुर्चीत बसले होते मी, आणि त्याच बैठकीत ईशानं पुढचं पान काढलं.

"मॅम, या पिवळ्या ओळी?"

"त्या माहेरी गेलेल्या."

"म्हणजे सध्या आपल्या गावांत नाहीत?"

"नाहीत."

"मग त्यांच्या घरी भेट होऊच शकत नाही. त्या यादीत नुसत्या राहतात आणि भेटींची टक्केवारी खाली ओढतात. काढून नाही टाकायच्या, झाकून ठेवू. राखाडीत. खाली एक चौकोन देते, तो दाबला की दिसतील. आणि हे चप्पल, बांगडी काय आहे? हे बाहेरच्यांना कळणार नाही."

मला तेव्हाच उठायला पाहिजे होतं. लालसाठी तीन बैठका भांडणारी मी, आणि माहेरासाठी तोंडातनं शब्द नाही. भांडून दमले होते, जिंकल्याची धुंदी होती, आणि दीड वाजला होता, डबा उघडायचा होता. मी म्हटलं, "बरं, बघू." आणि पान उलटलं. तो बदल दुसऱ्या कुणी केला असता तर आज मला शिव्या घालायला माणूस मिळाला असता. पण ते काम माझंच होतं. कॉम्प्युटरला एका ओळीची सूचना द्यायचं. जिची जागा 'माहेर', ती दाखवू नको. मी ते टाइप केलं, तपासलं आणि चालू केलं. तो चौकोन ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर आला. कार्यकर्त्यांच्या फोनवर जागा पुरत नव्हती, म्हणून तिथं तो दिलाच नाही. हेही मला ठाऊक होतं.

बेळगावात हॉल घेऊन उद्घाटन झालं. देणगीदार आले होते. मोठ्या पडद्यावर नवा डॅशबोर्ड. खरंच सुंदर दिसत होता, खोटं कशाला बोलू? सायीच्या रंगावर मोरपंखी वर्तुळं हळूहळू भरत जायची. आणि भेटींची टक्केवारी एकदम वर गेलेली. साहेब माइकवर म्हणाले, चांगल्या डिझाइननं काम सुधारतं याचा हा पुरावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काम काडीचं सुधारलं नव्हतं. ज्या बायकांपर्यंत पोचायला अवघड, त्या हिशेबातनं काढल्या होत्या, म्हणून आकडा फुगला होता. त्या हॉलमध्ये हे कळणारी मी एकटी होते. मला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. मी तो घेतला, नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसले. काही वर्षं झाली त्याला, पण ती शाल समोर आली की अंगाचा भडका होतो. कपाटाच्या तळाशी आहे, टाकवतही नाही.

दोन-तीन आठवड्यांनी गंगाक्कांचा फोन आला.

"सुनंदा, माझ्या फळ्यावर पिवळं काय दिसंना गं. पोरी कुठं गेल्या?"

"आक्का, नवीन आहे, बसेल हळूहळू."

"बसंल तवा बसंल. मला तेवढं भावांचं नंबर पाठव. वही तर घिऊन गेलासा."

"पाठवते," मी म्हटलं. त्या दिवशी वार्षिक अहवालासाठी तीच वर्तुळं छापायच्या मापात करून द्यायची घाई होती. नंतर विसरले. गंगाक्कांनी परत फोन केला तेव्हा मी बैठकीत होते. तिसऱ्यांदा त्यांनी केला नाही. नंतर म्हणाल्या, "मला वाटलं, फळ्यावर न्हाय म्हंजे तिकडच्या दवाखान्यानं घेतल्या असतील. तुम्ही शिकलेली माणसं काढताय म्हंजे काय तरी सोय करूनच काढला असशीला."

सोय! माझ्यावर एवढा विश्वास होता त्या बाईचा.

मग एका सकाळी ऑफिसच्या फोनवर गंगाक्का. आवाज ओळखू येईना, इतका खाली होता. "सुनंदा, कविता आठवती काय गं? विड्या वळायची ती. निपाणीजवळची. आवंदा ओटी भरल्याली." मला आठवत नव्हती. मी कॉम्प्युटरवर शोधलं, सापडली नाही. मग तो चौकोन दाबला. राखाडीत नाव आलं. माहेर कागलच्या पुढं. आठवा महिना. शेवटचा फोन: नोंद नाही.

"झटकं आलं तिला," गंगाक्का म्हणाल्या. "कोल्हापूरला नेऊस्तवर मूल गेलं पोटातच. ती वाचली. पोरगा व्हता." मग एकदम त्यांचा नेहमीचा आवाज आला. "तुमचा फळा फोडून टाका जावा! माझी वही कुठं हाय? माझी वही द्या माझी मला!" आणि फोन ठेवला.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. सांगितलं. ते खरोखर हळहळले, खुर्चीतनं उठून उभे राहिले. पण मग बसले आणि म्हणाले (ते हिंदीत बोलायचे, मी मराठीत लिहिते), "फार वाईट झालं. पण सुनंदाजी, ही घटना आपल्या कार्यक्षेत्राबाहेरची आहे. आपल्या आकड्यांत ती येणार नाही ना?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. नाही, आकड्यांत येणार नव्हती. मीच तशी व्यवस्था केली होती. जी झाकून ठेवली तिचं मूल मेलं तरी ते वर्तुळ भरलेलंच राहणार होतं, मोरपंखी. मी म्हटलं, "साहेब, येणार. आत्ता आणते बघा." माझ्या टेबलाशी येऊन ती एका ओळीची सूचना मी पुसली. सगळ्या पिवळ्या ओळी परत आल्या, सबंध ऑफिसला दिसतील अशा. वर्तुळं रिकामी झाली, टक्केवारी कोसळली. चप्पल, बांगडी, अंधारी, तिन्ही रकाने परत घातले. कविताच्या नावापुढं मूल गेल्याची नोंद केली आणि तो ठिपका वांगी न ठेवता लाल केला, भडक, पूर्वीसारखा.

साहेब माझ्या मागं येऊन उभे होते.  मला वाटलं आता काहीतरी माणसासारखं बोलतील. ते म्हणाले, "यादी परत घेऊ, हरकत नाही. तुमचं बरोबर आहे. पण हा पिवळा आपल्या रंगांत बसत नाही."

मी काय बोलले ते इथं छापता येणार नाही. उचगावची मराठी होती, त्यांना शब्द कळले नसतील, अर्थ कळला असणार. मला खुलाशाचं पत्र मिळालं. मी एका ओळीचा खुलासा दिला की पिवळा रंग बदलणार नाही, बदलायचा असेल तर मला आधी काढा. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, त्यांनी काढलं नाही. ईशानं मात्र मला मेसेज केला होता, "मॅम, मला कुणी सांगितलंच नाही की त्या ओळी म्हणजे काय." त्याच्यावर मी बरंच काही लिहिलं, मग पुसलं. तिला सांगणारी त्या खोलीत एकच होती.

पलीकडच्या गावांतले नंबर मी एकेक करून परत काढले. त्या वेळी सात पोरी माहेरी होत्या. गंगाक्कांनी सातीजणींना फोन लावले. दोघींना लगेच दवाखान्यात न्यायला लावलं. सातीजणी सुखरूप सुटल्या. हे सांगितल्यावर लोक मला म्हणतात, बघा, शेवटी चांगलं झालं की. मला अशा लोकांच्या तोंडाकडं बघवत नाही.

कविताकडं जायला मला पंधरा दिवस लागले. गंगाक्का म्हणाल्या, "मी येते संगं, पर बोलायचं तू." निपाणीहून आम्ही एस.टी.नं गेलो. दुपारची वेळ. घरापुढं सोप्यात कविताची आई सुपात ज्वारी पाखडत होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पाणी आणलं. भाऊ रानात गेला होता. कविता आतल्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसली. पोरगी इतकी लहान दिसत होती! हात मोकळे होते. दवाखान्यात बांगड्या कापाव्या लागल्या होत्या, आईनं सांगितलं. नव्या अजून भरल्या नव्हत्या.

गंगाक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तशी कविता म्हणाली, "मावशी, मी मंगळवारी फोन धरून बसत हुते. दादाला रानात फोन न्हिऊ दिला न्हाई तीन मंगळवार. बांगडी रुतत हुती, आई म्हणली दवाखान्यात जाऊया. मी म्हटलं, थांब, मावशी म्हणल्यात मंगळवारी इचारतो म्हणून. त्यास्नी इचारू, मग जाऊ."

 गंगाक्कांनी माझ्याकडं बघितलं.

मी येताना एस.टी.त सगळं जुळवून ठेवलं होतं. नवीन पद्धत आली, थोडी गडबड झाली, संस्थेच्या वतीनं दिलगिरी. त्यातलं एक अक्षर तोंडातनं बाहेर पडेना. मी म्हटलं, "गंगाक्कांची चूक नाही. त्यांच्या यादीत तुझं नावच नव्हतं. ते काढलं होतं."

"कशापायी काढलंसा?"

"तू माहेरी आलीस म्हणून."

 ती आईकडं बघून म्हणाली, "सासूबाई म्हणत हुत्या, हितंच ऱ्हा. मीच रडून आलते."

"तुझं काही चुकलं नाही गं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मलाच कळत होतं. "मी काढलं नाव. मी, ह्या हातानं. तुझं काहीसुद्धा चुकलं नाही."

पण ती माझं ऐकत नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच बसलं होतं आणि ते मला काढता येईना. आईनं चहा केला. तो कसा प्यालो देव जाणे. निघताना आई आमच्याबरोबर बांधापर्यंत आली. तिथं थांबून तिनं माझा हात धरला. मला वाटलं, आता ही मला शिव्या देणार. मी वाटच बघत होते.

ती म्हणाली, "बाई, तिच्या सासरी तुम्हीच जाऊन सांगा. पुढच्या खेपंला माज्या पोरीला माहेराला पाठवू नगा म्हणावं. तिकडं असली म्हंजे तुमच्या यादीत तर ऱ्हाईल."